पाटावरची अक्षरं

१९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख छापून आला. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात एक परिचारिका अशक्त बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असे. एकदा तिनं एका बाळाचं अंग डॉक्टरांना उघडून दाखवलं. दुपट्याखाली झाकलेली कातडी पिवळी होती आणि ऊन लागलेली कातडी स्वच्छ. उजेडानं तान्ह्या बाळाची कावीळ उतरते, हे वैद्यकाला तिथून कळलं. आज निळ्या दिव्याखाली डोळे झाकून ठेवलेली बाळं गावोगावच्या दवाखान्यांत दिसतात. त्या दिव्याचं मूळ त्या अंगणात आहे.

त्याच वर्षी सांगलीच्या गावभागात माझी आत्या जन्मली. आजीचं रक्त आरएच निगेटिव्ह, आजोबांचं पॉझिटिव्ह. बाबा आणि काकांच्या वेळी काही बिघडलं नाही. तिसऱ्या खेपेला आजीच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांनी पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी बाळ हळदीसारखं पिवळं झालं. मग दूध ओढेना, मान मागे ताठली, रडणं चिरकं झालं. बाळाचं रक्त बदलण्याची रीत जगात तेव्हा ठाऊक होती, पण आमच्या घरापर्यंत ती पोचलेली नव्हती. दहा वर्षांनी, १९६८ साली, आईला द्यायचं अँटी-डी इंजेक्शन आलं आणि ही गोष्ट टाळता येऊ लागली. आत्या मधल्या वर्षांत सापडली.

काविळीतलं बिलिरुबिन नावाचं द्रव्य मेंदूत उतरलं की ते हालचालींना वळण लावणाऱ्या खोलवरच्या केंद्रांवर घाला घालतं. विचार करणारा भाग पुष्कळदा तसाच शाबूत राहतो. आत्याचा राहिला होता. ते घरच्यांना कळायला मात्र बरीच वर्षं गेली. डॉक्टरांच्या कागदावर ‘ॲथेटॉइड सेरेब्रल पाल्सी’ असं लिहिलेलं असायचं. हात पुढे करायचा म्हटला की तो मागे वळायचा, बोटं फाकायची, मान एका अंगाला फिरायची, ओठ वाकडे व्हायचे. आधाराशिवाय बसणं नाही, उभं राहणं नाही. बोलायला जावं तर घशातून नुसता स्वर निघायचा. झोप लागली की मात्र सगळ्या हालचाली थांबत आणि तिचं अंग कुणाचंही असावं तसं सैल, सरळ पडून राही. जाग आली की पुन्हा सुरू.

मन उचंबळलं की या हालचाली वाढतात. राग असो, भीती असो, आनंद असो, सगळ्यांना एकच वाट. दारात ओळखीचं माणूस दिसलं की तिचे खांदे, मान, हातपाय सगळं एकदम उसळायचं. नव्या माणसाला वाटायचं, हिला झटका आला. आम्हाला ठाऊक असायचं की माणूस आल्याचा आनंद झालाय. तोंडदेखलं हसायची सोयच तिच्या शरीरात नव्हती. आवडलेली गोष्ट तिच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचलेली दिसायची. लहानपणी मला तिच्यासमोर नाच करून दाखवायला फार आवडायचं, कारण माझ्याबरोबर तीही हलायची. इतकी दाद मला पुन्हा कुठल्याच प्रेक्षकाकडून मिळालेली नाही.

त्या काविळीनं आणखी एक खूण ठेवली होती. तिला डोळे वर उचलता येत नसत. समोर आणि खाली दिसायचं. वरचं काही बघायचं तर सगळी मान मागे टाकावी लागे, आणि मान तिच्या ताब्यात नव्हती. म्हणून भिंतीवरचे फोटो, कॅलेंडर, घड्याळ आमच्या घरात कमरेच्या उंचीवर लावलेले असत. शेजारीपाजारी विचारत, हे काय नवीन? आजी सांगायची, “ज्याला बघायचंय त्याच्या डोळ्यांपुढं लावलंय.” उन्हाळ्यात बाबा आणि काका तिला उचलून गच्चीवर नेत. सतरंजीवर उताणं निजवलं की वर बघायचं कारणच उरत नसे, आभाळ थेट तिच्या समोर येई. सप्तर्षी, ध्रुव, मृग हे सगळं घरात सर्वांत आधी तिला येत होतं. आम्हा मुलांना आकाश तिनं शिकवलं. आम्ही बोट दाखवत फिरवायचं आणि तिनं योग्य ठिकाणी हुंकार द्यायचा.

हुंकारानं बोलता येतं, ही युक्ती आजोबांची. आजोबा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे उचलून ओळ जुळवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. अक्षर ही त्यांच्या लेखी हातात धरायची वस्तू होती, तिला वजन होतं आणि खिळ्यांच्या केसमध्ये ठरलेलं घर होतं. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण केसमधून खिळे उचलत मोठ्यानं अक्षरं म्हणतो, तेव्हा ही ठरावीक अक्षरांना आवाज करते. मग त्यांनी जेवणाचा एक जुना पाट घेतला, तासून गुळगुळीत केला, काळा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं वर्णमाला काढली. पाट अशासाठी, की तो मांडीजवळ ठेवला तर तिच्या नजरेच्या टप्प्यात येई.

तो पाट आज माझ्याकडे आहे. सगळ्यात वर स्वरांची ओळ. खाली कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग. प्रत्येकात पाच अक्षरं. मग य र ल व, मग श ष स ह ळ क्ष ज्ञ. उजव्या काठावर काना, पहिली आणि दुसरी वेलांटी, दोन्ही उकार, मात्रा, अनुस्वार. खालच्या कोपऱ्यांत तीन अख्खे शब्द: ‘पुरे’, ‘अजून’ आणि ‘चूक’. ‘चूक’चा रंग बोटांनी इतका झिजलाय की खालचं लाकूड दिसतं.

समोरच्यानं ओळींवरून बोट न्यायचं: क, च, ट, त, प. जिथं आत्या हुंकार देईल ती ओळ. मग त्या ओळीतलं अक्षर, मग काठावरची खूण. पवर्गावर हुंकार, पहिल्याच अक्षरावर हुंकार, मग काना. टवर्गावर हुंकार, पाचव्या अक्षरावर हुंकार, मग दुसरी वेलांटी. झालं ‘पाणी’. आपल्या व्याकरणकारांनी कंठ, तालू, मूर्धा, दात आणि ओठ अशी उच्चाराची स्थानं पाहून ही अक्षरं ओळींत बसवली. ज्या बाईला कंठ-तालू-ओठ कह्यात ठेवता येत नव्हते, तिला हजारो वर्षांनी त्याच मांडणीनं वाचा दिली, याचं मला अजून नवल वाटतं. ओळ आणि जागा, एवढ्यावर सगळी मराठी तिच्या हाती आली.

वेळ वाचावा म्हणून घरातल्या प्रत्येकाला तिनं एकेक अक्षर वाटून दिलं होतं. बाबा ‘द’, कारण दादा. आई ‘व’, कारण वहिनी. माझ्या वाट्याला ‘ळ’ आला, कारण मला तो लहानपणी म्हणता येत नसे आणि मी ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणायचे. मोठी झाले, लग्न झालं, मुलं झाली, तरी आत्याच्या पाटावर मी ‘ळ’च राहिले.

घरात एक नियमही होता. पाणी, भूक, कूस बदलणं, शी-शू अशा गोष्टींत पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधायला मोकळीक होती. पण आत्या काही सांगायला लागली, म्हणजे गोष्ट, मत, विनोद, की अंदाज बांधायचा नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत थांबायचं. कुणी उतावळेपणानं शब्द पुरा केला, तर तो बरोबर असला तरी ती ‘चूक’कडे बघायची. तिचं वाक्य तिनं पुरं करायचं, हा तिचा हट्ट होता.

आई या घरात लग्न होऊन आली तेव्हा आधी बावरली होती. नणंदेला काय हवं-नको, कसं विचारायचं, तिला उचलताना कुठं धरायचं, काहीच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीनं तिला पाटासमोर बसवलं आणि म्हणाली, “वन्संना काहीतरी सांगायचंय तुला.” आईनं बोट फिरवायला घेतलं. एकेक अक्षर वहीत लिहून घेत होती. बऱ्याच वेळानं वाक्य पुरं झालं: ‘दादा घोरतो. सवय होईल.’ आई सांगते, लग्नाच्या धामधुमीत ती त्या घरात पहिल्यांदा मोकळेपणानं हसली ती तेव्हा. पुढं या दोघींचं इतकं गूळपीठ जमलं की दुपारी दोघी पाटावर काय बोलतात, हे बाकीच्यांना कळू नये म्हणून आई ओळींची नावं कुजबुजत म्हणायची.

आत्याला लोकांची लग्नं, भांडणं, कुणाचं कुणाशी जमलं, सिनेमातल्या नट्या, पावसाचा अंदाज, सगळ्यात रस होता. रेडिओवर पुणे केंद्राची ‘आपली आवड’ चुकवायची नाही. तिच्या कानाला फार उंच पट्टीतला आवाज नीट येत नसे, म्हणून खर्जाची तिला ओढ. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाण्याची मैफल होते. काका तिला रिक्षातून घेऊन जात आणि जागा मिळेल तिथं ऐकत बसत. एकदा एका वादकानं तिचा तळवा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टेकवू दिला. तिचं मनगट काकांनी धरून ठेवलं होतं. तार छेडली आणि आत्याचं अंग कधी नव्हे ते हलायचं थांबलं. काका ही आठवण निघाली की अजून हळवे होतात.

घरी येणाऱ्या माणसांत सगळे असे समजूतदार नसत. एकदा दूरच्या नात्यातल्या एक बाई आल्या. चहा घेता घेता आजीला म्हणाल्या, “मागच्या जन्मीचं काहीतरी पाप असणार हो पोरीचं, त्याशिवाय का असं होतं?” आत्या समोरच होती. तिला कळत नसणार, असं धरूनच त्या बोलल्या होत्या. आजीच्या कपाळावर आठी आली, पण ती काही बोलायच्या आत आत्यानं पाटाकडे बघून आवाज केला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते, पाट मी मांडला. पवर्गाची ओळ, शेवटचं अक्षर: म. मग ज, मात्रा. मग च, अनुस्वार. बाईंना उठता येईना, कारण हे आपल्यासाठी चाललंय हे त्यांना कळलं होतं. चहा कपात निवत गेला. अ. स. ण, काना. र. मी मोठ्यानं वाचलं: “मजेचं असणार.”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आजीचा बांध फुटला आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. आत्याचं अंग तर खुर्चीतून निसटेल इतकं उसळत होतं. बाईही हसल्या, आणि जाताना आत्याच्या खुर्चीपाशी थांबून म्हणाल्या, “येईन हं मी पुन्हा.” खरंच आल्या, आणि नंतर येतच राहिल्या. त्यांचा सल, त्यांची सूनबाई, त्यांचे गुडघे हे सगळं त्या आत्याला सांगत. जिच्याशी बोलायचं तर एकेका अक्षरासाठी थांबावं लागतं, तिच्यासमोर माणूस उगीचचं काही बोलत नाही, हे मी तिथं पाहिलं.

आत्याला शाळा मिळाली नाही. १९७२ साली मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांची मुलगी मालिनी चिब पुढं पदव्युत्तर शिकली, आणि एका बोटानं टंकून तिनं ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिलं. १९७२ साली आत्या चौदा वर्षांची होती आणि सांगलीत तसं काही नव्हतं. तिची शाळा म्हणजे आजोबांनी संध्याकाळी घरी आणलेली प्रुफं. ओल्या शाईच्या वासाचे ते लांबलचक कागद आजोबा तिच्यापुढं धरत आणि ओळीखालून पट्टी सरकवत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, पुढं १९७२ साली आणखी चार जोडले गेले. ‘कवि’चा ‘कवी’ आणि ‘गुरु’चा ‘गुरू’ झाला तो त्या बदलात. जुन्या वळणाच्या जुळाऱ्यांना ते अंगवळणी पडायला वेळ लागला. आत्याला मोडायला जुनी सवयच नव्हती, तिनं थेट नवे नियम पाठ केले. पट्टी सरकता सरकता ती हुंकार द्यायची, आजोबा थांबायचे, बघायचे, आणि पेन्सिलीनं समासात खूण करायचे.

हळूहळू छापखान्याच्या मालकांनी लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, संस्थांच्या पुस्तिका आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. “बाईंच्या नजरेखालून गेलं का?” असं विचारल्याशिवाय ते फर्मा मशीनवर चढवत नसत. महिन्याला एक पाकीट यायचं. ते उघडलं की ती खर्चाची यादी पाटावर सांगायची: आजीला तपकीर, आईला गजरा, मला चित्रांचं पुस्तक, गल्लीतल्या पोरांना भडंग. भडंग तिला स्वतःला चावता येत नसे. आजी तिच्यापुरतं खलबत्त्यात कुटून दह्यात कालवून द्यायची.

तिचं जेवण एक तास चाले. जीभ घास बाहेर ढकलायची, ठसका लागायचा. हनुवटी जरा खाली, छातीकडे धरली की घास सुखरूप जातो, हे आजीला कुणी शिकवलेलं नव्हतं. दोन घासांमध्ये वाट बघावी लागे आणि त्या वेळात भरवणाऱ्यानं काहीतरी सांगायचं, असा रिवाज पडला. घरातली सगळी बातमी तिच्या ताटापाशी गोळा व्हायची. भरवण्याचा वार वाटून घेतलेला असे आणि आपला वार कुणी सोडत नसे. माझ्या दहावीच्या निकालाची धास्ती, काकांची बदली, बाबांनी न सांगता काढलेलं कर्ज, हे सगळं आधी आत्याला कळलं.

आत्याचं दुखणं मी लपवू इच्छित नाही. थंडीत तिचे स्नायू इतके आखडत की रात्र रात्र ती कण्हत असे. कुशी बदलायला उशीर झाला की पाठीला जखमा होत. आजीची कंबर तिला उचलून उचलून गेली, आणि आजी गेल्यावर तो भार आईवर आला. काही संध्याकाळी आत्या पाट नको म्हणायची, भिंतीकडे तोंड करून घ्यायला लावायची आणि एकटी राहायची. तिला लग्न हवं होतं, हे तिनं एकदा आईला सांगितलं. त्यावर आईपाशी उत्तर नव्हतं, त्या दुपारी दोघी नुसत्या रडल्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ मी तिला वाचून दाखवलं तेव्हा कितीतरी ठिकाणी तिनं ‘अजून’वर नजर लावली, तेच पान पुन्हा वाचायला लावलं. पुस्तक संपल्यावर तिनं खुर्ची मागितली. बाजारातली चाकाची खुर्ची तिच्या उपयोगाची नव्हती, ती तिच्यातून घसरायची. मग गल्लीतल्या सुतारमामांनी तिच्या मापाची खुर्ची केली: छातीला पट्टा, मांड्यांच्या मध्ये गादीचा ठोकळा, पाय टेकायला तिरकी फळी, खाली गाडीची चाकं. त्या खुर्चीतून पावसाळ्यात आयर्विन पुलापर्यंत जाऊन कृष्णेचं पाणी कुठवर चढलंय ते बघून यायचं, हा तिचा चाळीशीनंतरचा छंद.

तेच पाणी २००५ च्या जुलैअखेरीस आमच्या घरात शिरलं. गावभागात कंबरभर पाणी झालं, तेव्हा माणसं होडी घेऊन आली. आत्याला गादीसकट होडीत ठेवलं, पाट पंचात गुंडाळून तिच्या उशाशी. आम्ही सगळे धास्तावलेले. आत्या मात्र हरखली होती. जन्मभर पुलावरून पाहिलेल्या नदीत ती पहिल्यांदा उतरली होती, आणि तिचं अंग असं काही उसळायला लागलं की होडी डुलू लागली. नावाडी ओरडला, “अहो, धरा त्यांना!” बाबा तिचे खांदे धरून विनवत होते, “अगं, जरा दमानं घे.” काठाला लागल्यावर मी पाट उघडला. प. र. त. “परत?” मी विचारलं. तिचा हुंकार आजूबाजूच्या सगळ्या होड्यांत ऐकू गेला असेल.

पूरग्रस्तांना एका शाळेच्या वर्गांत ठेवलं होतं. आमच्या वर्गात आठ-दहा कुटुंबं असतील. दुकानं बंद, वीज नाही, घरी काय वाचलं काय गेलं कुणाला ठाऊक नाही. माणसं भिंतीला टेकून बसलेली. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आमच्याजवळ आला आणि पाटाकडे बोट करून म्हणाला, “हा खेळ कसा खेळायचा?” मी त्याला ओळी दाखवल्या. त्यानं बोट फिरवलं. आत्यानं त्याला त्याचं नाव विचारलं, मग त्याच्या म्हशीचं. म्हैस पाण्यात वाहून गेली होती. पोरानं ते सांगितलं आणि तिथंच हुंदके द्यायला लागला. दोन दिवस तो रडला नव्हता, असं त्याची आई म्हणाली. संध्याकाळपर्यंत वर्गातली सगळी पोरं पाटाभोवती होती. रात्री मेणबत्तीच्या उजेडात मोठी माणसंही येऊन बसली. आत्यानं भेंड्या लावल्या. अक्षर ती द्यायची, गाणं वर्गानं म्हणायचं, आणि मुद्दाम ‘ळ’ देऊन ती सगळ्यांना अडकवायची. पाणी उतरून माणसं घरोघरी गेली तोवर त्या वर्गात निदान वीसेक जणांना आत्याशी बोलता येत होतं. गावात वर्षानुवर्षं तिला लांबून बघून हळहळणारे काहीजण त्यात होते.

मी तेव्हापासून एका गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. त्या वर्गातल्या माणसांकडे काहीच उरलेलं नव्हतं, फक्त वेळ होता. तेवढ्यावर आत्याला वीस नवी माणसं मिळाली. आत्या गेल्यावर भेटायला येणारे म्हणत, किती आनंदी होती हो, देवानं स्वभावच तसा दिला होता. मला हे पटत नाही. तिचा स्वभाव तसा होता हे खरं, पण स्वभाव एकटा काय करणार? आजोबांनी पाट रंगवला नसता, आजीनं घड्याळ खाली आणलं नसतं, सुतारमामांनी ठोकळा बसवला नसता, छापखान्याच्या मालकांनी तिच्या नजरेला किंमत दिली नसती, तर तोच स्वभाव त्याच शरीरात कोंडून राहिला असता. बाहेरून बघणाऱ्यांनी म्हटलं असतं, हिला काही कळत नाही. तिचा आनंद रोजच्या रोज केला जात होता. त्यातला मोठा वाटा तिचा, कारण एक विनोद करायला पंधरा मिनिटं दम धरणं सोपं नाही. बाकीचा वाटा समोर बसणाऱ्यांचा. देवाच्या नावावर सगळं टाकलं की आपला वाटा उचलायची गरज राहत नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी एक शिक्षिका घरी आल्या. आत्याच्या नावापुढं त्यांनी अपंगत्वाच्या प्रश्नाची नोंद केली आणि व्यवसायाचा प्रश्न न विचारताच पुढं जायला लागल्या. आत्याचा आवाज आला, नजर ‘चूक’वर. बाईंनी पेन थांबवलं. मी ओळींवरून बोट नेऊ लागले आणि बाईही पुढं सरकून बघायला लागल्या. उन्हाची वेळ, त्यांची कितीतरी घरं राहिली होती, पण त्या शेवटपर्यंत थांबल्या: मुद्रितशोधन. तोपर्यंत खिळ्यांचे छापखाने जाऊन सगळं काम संगणकावर आलं होतं, तरी जुने लोक अजून आत्याकडे मजकूर पाठवत होते. त्या गणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांच्या वर. त्यांतली एक नोंद आमच्या ओसरीवर, तिच्या डोळ्यांदेखत झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूमोनियानं ती गेली. त्रेपन्न वर्षांची होती.

त्यानंतर बरंच काही झालं. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार मानले. नजर कुठं टेकली ते ओळखून अक्षर उमटवणारे संगणक आता मिळतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं ॲप आहे, त्यात चित्रावर बोट टेकवलं की फोन मराठीत बोलतो. हे सगळं आत्याला मिळायला हवं होतं असं मनात येतं, आणि ज्यांना आज मिळू शकतं त्यांच्यापर्यंत ते पोचावं अशी फार इच्छा आहे. पण यंत्रानं उच्चारलेलं वाक्यही ऐकणारा लागतोच. निव्वळ कुणी समोर बसत नाही म्हणून ज्यांच्या बुद्धीची, चेष्टेची, रागाची कुणाला दादच नाही, अशी माणसं आपल्या प्रत्येक गावात आतल्या खोलीत आहेत. त्यांच्याविषयी हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांना काय वाटतं, हे विचारणारे थोडे.

आपल्या नात्यात, शेजारात असं कुणी असेल तर एक दुपार मोकळी ठेवावी. पुठ्ठा चालतो, पाटी चालते, वहीचं पान चालतं. ओळी पाडून अक्षरं लिहावीत, कोपऱ्यात ‘चूक’ लिहायला विसरू नये. ‘हो’साठी त्या माणसाला काय जमतं ते आधी बघावं, हुंकार असेल, पापणी असेल, जीभ असेल. मग समोर मांडी घालून पहिल्या ओळीवर बोट ठेवावं आणि म्हणायला लागावं: क, च, ट, त. कुठं थांबायचं, ते आपल्याला सांगितलं जाईल.